किनेसिओलॉजी टेप : या चुका टाळा

गुडघ्यावर, खांद्यावर किंवा पोटरीवर किनेसिओलॉजी टेपच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या चिकट कापडाच्या, निळ्या-गुलाबी पट्ट्या चिकटवून तपासणीला येणाऱ्यांना मी ‘कुठे दुखते’ हे नंतर विचारते. आधी विचारते, की ही टेप नेमकी कशासाठी लावली आहे. बहुतेकांचे उत्तर ‘दुखते म्हणून’ एवढेच असते. फिजिओथेरपीच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की टेप चुकीची लावली जाते त्याहून अधिक वेळा ती चुकीच्या अपेक्षेने लावली जाते.

केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने (मणके आणि सांधे हाताने हाताळून उपचार करणाऱ्याने) 1970च्या दशकात ही टेप विकसित केली आणि 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती दिसल्यानंतर जगभर तिचा बोलबाला झाला. टेपमुळे सुरकुत्या पडून त्वचा किंचित उचलली जाते, खाली जागा होते, रक्ताचा आणि लसिकेचा (पेशींभोवतीच्या द्रवाचा) प्रवाह सुधारतो आणि म्हणून दुखणे कमी होते, असा तिच्यामागचा युक्तिवाद आहे. ऐकायला तो पटतो. पण 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या 148 रुग्णांपैकी निम्म्यांना त्वचेवर सुरकुत्या पडतील अशी ताणून आणि उरलेल्यांना अजिबात न ताणता टेप लावली गेली, तेव्हा चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या वेदनेत फरक आढळला नाही. खांद्याच्या रोटेटर कफच्या (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या) दुखण्यावरील 23 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2021च्या आढाव्यालाही टेपचा ठोस फायदा दाखवता आला नाही. तरीही मी टेप वापरते, कारण काही जणांना तिच्यामुळे थोडा काळ हलके वाटते, हालचालीची भीती कमी होते आणि तेवढ्या अवधीत मला त्यांच्याकडून व्यायाम करून घेता येतो. व्यायाम करायचाच नसेल, तर टेपवर पैसे घालवू नयेत, असे मी स्पष्ट सांगते आणि त्यावर काहींचे तोंड उतरते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुखणे कशाचे आहे हे न पाहता त्यावर टेप लावून धावणे चालू ठेवणे. लांब पल्ल्याची शर्यत तोंडावर आलेला एक तरुण नडगीच्या दुखण्यासाठी तीन आठवडे स्वतःच टेप लावत होता. टेप लावल्यावर पहिले दोन किलोमीटर बरे वाटते, असे तो मोठ्या समाधानाने सांगत होता. मी टेप काढली आणि नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत गेले, तेव्हा एका नाण्याएवढ्या जागी बोट टेकताच त्याने पाय मागे ओढला. तिच्या वर-खाली मात्र काहीच दुखत नव्हते. नडगीचे साधे दुखणे सहसा चार-पाच बोटांच्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेले असते. हाडाच्या एकाच बिंदूवर इतके दुखत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणाने हाडाला गेलेल्या बारीक चिरेची, शंका घ्यावी लागते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर बऱ्याचदा दिसत नाही. त्याच्याही दिसली नाही. ती एमआरआयमध्ये दिसली आणि त्याची शर्यत हुकली. टेपने त्याचे हाड मोडले नव्हते, पण थांबण्याची सूचना देणारी वेदना तिने रोज दोन किलोमीटर दाबून ठेवली होती. रात्री झोपेत दुखणे, सांधा मध्येच अडकणे किंवा पायावर भार न पेलणे यांपैकी काहीही असेल, तर टेपचा रोल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. एकाच पोटरीला अचानक सूज आली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेथे टेप किंवा मालिश करत न बसता त्याच दिवशी तपासून घ्यावे.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा गुडघा जिना चढताना दुखत असे. जितकी घट्ट तितकी उपयोगी, अशा समजुतीने मी टेप पूर्ण ताणून, अगदी टोकांसकट, चिकटवली. रात्री खाज सुटली, ती टेप काम करत असल्याची खूण समजून मी झोपले. सकाळी दोन्ही टोकांना टेपच्याच रुंदीचे पाण्याचे फोड आलेले होते आणि गुडघा पूर्वीइतकाच दुखत होता. अशा फोडांना लोक ॲलर्जी म्हणतात. पण ॲलर्जीचे पुरळ टेपखालच्या सगळ्या भागावर उठते, तर ताणामुळे आलेले फोड टोकांपाशी असतात, कारण त्वचा तेथेच सर्वाधिक ओढली जाते. कागदावर असतानाच टेप दहा-पंधरा टक्के ताणलेली असते, हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही. मी दोन्ही टोकांचे सुमारे चार सेंटिमीटर अजिबात न ताणता ठेवते, मधल्या भागाला पूर्ण ताणाच्या जास्तीत जास्त पाव ताण देते आणि टेपपेक्षा सांध्याच्या स्थितीवर भर देते : गुडघा वाकवून टेप लावली, की तो सरळ केल्यावर सुरकुत्या आपोआप पडतात.

बाकीच्या चुका घाईच्या आहेत. बाम किंवा तेल लावलेल्या अंगावर टेप टिकत नाही. कोपरे गोल कापले नाहीत, तर ते कपड्यात अडकून सुटतात. घाम येण्यापूर्वी किमान अर्धा तास टेप लावून ती तळहाताने चोळावी, कारण तिचा गोंद उष्णतेने धरतो. त्यासाठी हेअर ड्रायर मात्र वापरू नये. रंगाचा परिणामाशी काहीही संबंध नाही. मुरगळलेल्या घोट्याला या लवचिक टेपचा आधार पुरत नाही. तेथे न ताणली जाणारी टेप किंवा ब्रेस (सांधा धरून ठेवणारा पट्टा) लागतो. जखमेवर टेप लावू नये, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी ती परस्पर लावू नये, कारण खालची कातडी सोलली जात असली तरी त्यांना ते कळणार नाही.

टेप काढतानाची अधीरता मला सर्वांत जास्त खटकते. तीन ते पाच दिवस चिकटून राहिलेली टेप एका झटक्यात ओढली, की तिच्याबरोबर कातडीचा वरचा थर निघतो. मी तिच्यावर तेल चोळून दहा मिनिटे थांबते आणि मग एका हाताने त्वचा दाबून धरत, केसांच्या दिशेने, टेप स्वतःवरच दुमडत सावकाश सोडवते. त्यानंतर निदान एक दिवस त्या जागी पुन्हा टेप लावत नाही. रुग्णाने कितीही आग्रह केला तरी.