बोडीत बीज सोडताय? आधी वरच्या वावरातली फवारणी बघा

रामटेक, मौदा, पारशिवनीकडे ज्यांची बोडी (लहान तळं) नाहीतर शेततळं आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे. जुलै-ऑगस्ट म्हणजे कटला-रोहू माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडायचा टाइम, आणि नेमकी तेव्हाच पऱ्हाटी (कापूस)-सोयाबीनवर फवारणी चालू असते, मग एक दमदार पाऊस आला की धुऱ्यावरून (बांधावरून) सगळं वाहत खाली बोडीतच येते.

मागच्या साली आमच्या बोडीच्या तोंडाशी कोणीतरी फवारणीचा पंप धुतला, पाण्यात दुधासारखा पांढरा ओघळ दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला जिरे, म्हणजे माशाची अगदी बारीक पिल्लं, मरून लागलेले, तांदळाच्या कणीसारखे पांढरे. मोठे कटले मात्र मस्त फिरत होते. म्हणून सांगतो, मोठा मासा जिवंत आहे म्हणजे पाणी चांगलं असं धरून चालू नका. रोहूचं अंडं 14 ते 18 तासात फुटते, पुढचे दोन-तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या पिशवीवरच जगते, कल्ले धड बनलेले नसतात, श्वास बराचसा कातडीतूनच, म्हणजे विषही तिथूनच आत जाते आणि ते पचवायची ताकद लिव्हरमध्ये अजून आलेली नसते. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीनसारखं कीटकनाशक तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्येही घात करते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस नसांवर जाते, पिल्लू गोल गोल फिरते, वाचलं तरी कणा वाकडा राहू शकतो. वरून पाण्यातले बारीक किडे मरतात, तेच तर जिऱ्याचं खाणं!

आणि डब्यावरचा हिरवा-निळा त्रिकोण पाहून बिनधास्त होऊ नका भाऊ, तो रंग माणसाला किती धोका ते सांगते, माशाचं नाही. लेबल वाचा.

बीज सोडायच्या आधी बोडीत हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधा, त्यात 25-30 पिल्लं 24 तास ठेवा, तगली तरच बाकीचं सोडा. जमत असेल तर जिऱ्याऐवजी बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) घ्या, महाग पडते पण तग धरते. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी नाल्यातूनच बाहेर वळवा, धुऱ्यावर गवताचा पट्टा राहू द्या, तिथे तणनाशक मारू नका. वरच्या वावरवाल्याला फवारायचा दिवस आधी विचारून ठेवा, पंप बोडीपासून लांब धुवायला सांगा.

हाप्यात पिल्लं मेली तर ती काठावर फेकू नका, बगळे-कोंबड्या खातात, खड्डा करून पुरा.