चौकशी आयोगाचा अहवाल कसा वाचावा : ऑस्ट्रेलियातील कोठडी-मृत्यूंचे उदाहरण

मूळनिवासी समाज आणि सरकार यांच्यातील नाते समजून घ्यायचे असेल, तर सरकारनेच नेमलेल्या आयोगांचे अहवाल फार उपयोगी पडतात. मात्र ते कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर वाचक बहुधा दुसऱ्या खंडापर्यंतही पोहोचत नाही. ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळनिवासी) व्यक्तींच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा १९९१ चा राष्ट्रीय अहवाल पाच खंडांचा आहे आणि त्यात ३३९ शिफारशी आहेत. वाचनाचा सराव करण्यासाठी तो उत्तम आहे.

सुरुवात निष्कर्षांपासून न करता कार्यकक्षेपासून करावी, कारण सरकारने आयोगाला काय विचारले आणि काय विचारले नाही, हे तिथेच कळते. १९८७ साली नेमलेल्या या आयोगाने १ जानेवारी १९८० ते ३१ मे १९८९ या काळातील ९९ मृत्यूंची चौकशी केली. केवळ प्रत्येक मृत्यू कसा झाला एवढेच पाहिले असते, तर अहवाल पोलीस ठाण्याच्या आणि तुरुंगाच्या भिंतींआडच संपला असता. परंतु पुढे कार्यकक्षा वाढवून सामाजिक, सांस्कृतिक आणि कायदेविषयक कारणांचाही तीत समावेश करण्यात आला. अहवालाचे खरे मोल या वाढीव भागात आहे, असे मला वाटते.

त्यानंतर आकडेवारी वाचावी, पण प्रत्येक प्रमाण कशाच्या तुलनेत काढले आहे हे आधी तपासावे. कोठडीत असलेल्या इतरांच्या तुलनेत ॲबोरिजिनल कैदी अधिक प्रमाणात मरण पावत नाहीत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हे एकच वाक्य वाचून पुस्तक मिटणाऱ्याला सरकार निर्दोष सुटल्यासारखे वाटेल. आयोगाचे म्हणणे मात्र पुढच्या वाक्यात येते: लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने हे लोक कितीतरी अधिक प्रमाणात कोठडीत डांबले जातात, आणि म्हणून तिथे मरतातही. त्यामुळे ‘कोठडीत काय घडले’ याइतकाच ‘ते कोठडीत पोहोचले कसे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याचे उत्तर शोधताना मृत व्यक्तींच्या जीवनवृत्तांतांपाशी थांबावे. ९९ पैकी ४३ जणांना बालपणी सरकारी यंत्रणा, मिशन किंवा अन्य संस्थांनी कुटुंबापासून वेगळे केले होते. या एका आकड्यात सरकारशी असलेल्या नात्याचा इतिहास जितका दिसतो, तितका धोरणविषयक प्रकरणांच्या अनेक पानांतही दिसत नाही. अनेक ॲबोरिजिनल समाजांत मृतांची नावे उच्चारण्याबाबत संकेत आहेत, म्हणून टिपणे काढताना किंवा इतरांना सांगताना ती नावे सहजपणे वापरू नयेत.

शिफारशी वाचताना क्रियापदांवर लक्ष ठेवावे: ‘करावे’ आणि ‘करण्याचा विचार करावा’ यांत बरेच अंतर असते, हे सरकारी मराठी वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. एखादीच शिफारस निवडून तिचा शेवटपर्यंत माग काढणे अधिक फलदायी ठरते. क्रमांक ७९ ची शिफारस सार्वजनिक ठिकाणी नशेत असणे हा गुन्हा राहू नये अशी होती. व्हिक्टोरिया राज्यात हा बदल २०२३ मध्ये अमलात आला. मधली ३२ वर्षे हाही अहवालाचाच एक भाग मानून वाचावीत.

शेवटी सरकारचे उत्तर शोधावे. भारतात १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार सरकारने सभागृहात मांडायच्या अहवालासोबत कार्यवाहीचे निवेदन जोडणे अपेक्षित असते. ऑस्ट्रेलियातही शिफारशींच्या अंमलबजावणीचे आढावे निघाले. २०१८ च्या एका आढाव्यात ६४ टक्के शिफारशी पूर्णपणे अमलात आल्याचे म्हटले होते, आणि अभ्यासकांनी त्या मोजणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. हा आढावा वाचताना शेजारी आणखी दोन आकडे लिहून ठेवावेत: १९९१ मध्ये तुरुंगातील सुमारे १४ टक्के कैदी मूळनिवासी होते, आज ते प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे.