कॉलेजातला ताण: आधी तो कशाचा आहे ते शोधा

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला ‘काय झालंय?’ असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘काही नाही, अभ्यासाचं टेन्शन आहे.’ घरच्यांना ते पटतं आणि पुढचे प्रश्न टळतात. पण अभ्यासाच्या आड मेसचे थकलेले पैसे असतात, रूममेटशी बंद पडलेलं बोलणं असतं, वर्गात सगळं इंग्रजीतून चालत असताना शंका विचारण्याची भीती असते. मग रात्र-रात्र जागून अभ्यास केला तरी ताण हटत नाही, कारण मूळ दुखणं दुसरीकडेच असतं. म्हणून ताण कमी करायला निघण्यापूर्वी तो कशाचा आहे, ते शोधायला हवं.

शरीर काय सांगतंय ते ऐका

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात. छाती धडधडते, मान-खांदे आखडतात, पचन मंदावतं. तोंडी परीक्षेपुरतं हे चांगलंच, त्याने लक्ष एकवटतं. पण हीच अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली तर झोप उडते, पित्त उसळतं, वाचलेलं डोक्यात राहत नाही आणि माणूस बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायला लागतो. अशा वेळी पहिला उपाय साधा आहे. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सावकाश सोडा. चार-पाच मिनिटं करा. श्वास सोडायला जास्त वेळ दिला की हृदयाची गती उतरते. प्रश्न सुटत नाही, पण बसून विचार करण्याइतकं डोकं शांत होतं.

आता कागद घ्या

मोबाइल नको, कागदच घ्या. डोक्यात फिरणारी प्रत्येक गोष्ट एकेका ओळीत लिहा, चांगलं-वाईट न ठरवता. मग प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: काम, पैसा, माणसं, किंवा ‘माझ्या हातात नाही’.

नऱ्हेला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाचा कागद कसा असेल पाहा. ‘मॅथ्सचा बॅक राहिलाय. दोन जर्नलवर सह्या नाहीत. डिपॉझिटचे पैसे बाबांनी उसने आणलेत. ग्रुपमधले मला न सांगता जेवायला गेले. प्लेसमेंट होईल का?’ पाच ओळींपैकी कामाच्या दोनच आहेत. दिवसभर मात्र तो ‘अभ्यास होत नाही’ म्हणून स्वतःला कोसत असतो.

कामाच्या ओळीला पुढची सर्वांत छोटी कृती जोडा. ‘जर्नल पूर्ण करणे’ असं लिहिलंत तर हात चालणार नाही. ‘प्रयोग क्रमांक चारची आकृती जेवणाआधी काढणे’ असं लिहा. बॅक, म्हणजे नापास झालेला विषय, राहिला असेल तर आधी नियम नीट वाचा: पुढच्या वर्षात जायला किती श्रेयांक (क्रेडिट) लागतात, परीक्षा अर्जाची मुदत कधी संपते. सीनिअरच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. निकालाबद्दल शंका असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्यालाही मुदत असते, म्हणून रडून झाल्यावर लगेच ती तारीख बघा.

पैशाच्या ओळीबद्दल मुलं सर्वांत कमी बोलतात, म्हणून ती जास्त पोखरते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना तपासा. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना संलग्न महाविद्यालयांतही राबवली जाते, विद्यार्थी विकास विभागात चौकशी करा. फी एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागणारा लेखी अर्ज द्या. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

‘माझ्या हातात नाही’ या ओळी खोडू नका. संध्याकाळची वीस मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा आणि दिवसभरात त्या वर आल्या की ‘सहा वाजता बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळा. सुरुवातीला हे खोटं वाटतं, आठवडाभराने जमायला लागतं.

माणसांचं काय?

मला सर्वांत काळजी याच ओळीची वाटते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दुपारची फीस्ट झालेली, मित्र गावी गेलेले, आणि खोलीत एकटा मुलगा बिस्किटाचा पुडा फोडून बसलेला. तेवढ्यात घरून फोन येतो. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘बरं आहे ना सगळं?’ ‘हो.’ फोन ठेवला जातो. आई-बाबांना काळजी नको म्हणून लपवलं जातं, हे कळतं. तरी एकदा एवढं तरी म्हणा: ‘आई, मला इथे जड जातंय. लगेच उपाय सांगू नकोस, फक्त ऐकून घे.’ घरी शक्य नसेल तर मावशी, थोरला भाऊ, जवळची वाटणारी एखादी मॅडम, कुणीही चालेल. आणि रविवारचं जेवण कुणासोबत, हे शनिवारीच ठरवा.

झोप, चहा, टेकडी

या वयात सात ते नऊ तास झोप लागते. झोपेतच वाचलेलं पक्कं होतं, त्यामुळे रात्र जागून केलेला अभ्यास पेपरात दगा देतो. कॅफिन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. झोप लागत नसेल तर दुपारनंतरचा चहा-कॉफी सोडून पाहा. आणि पुण्यात आहात तर टेकडीचा फायदा घ्या. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, पर्वती, जी जवळ असेल ती. सकाळी अर्धा तास चढ-उतार करा, कानात काही न घालता.

एवढ्याने भागत नसेल तर

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

जगण्यात अर्थ नाही, मरून जावं, असे विचार येत असतील तर सकाळची वाट पाहू नका. तो क्रमांक आत्ता लावा आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवा. मित्र असं काही बोलला तर त्याला समजावण्याच्या भानगडीत पडू नका. ‘तुला स्वतःचा जीव घ्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारा. असं विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. कुणालाही सांगणार नाही असं वचन दिलेलं असलं तरी त्याच्या घरी कळवा. जीवाला लगेच धोका दिसत असेल तर 112 लावा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळच थांबा.