चीनमध्ये नोकरीला जाताय आणि शाकाहारी आहात?

नुसतं 'मला मांस नको' म्हणून भागत नाही. चिनी भाषेत 'रौ' म्हणजे मांस, पण नुसतं 'रौ' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डुकराचं मांस येतं. त्यामुळे ताटात कोळंबी आली किंवा भाजीवर खिमा भुरभुरवलेला असला, तर वाढणाऱ्याने मुद्दाम फसवलं असं समजू नका. त्याच्या हिशेबी कोळंबी 'रौ'त मोडत नाही, आणि थोड्याशा खिम्याने भाजी 'मांसाची' होत नाही. मापो टोफूत (तिखट रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर) सहसा खिमा असतो, परतलेल्या फरसबीत बरेचदा असतो, आणि साधी पालेभाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते.

म्हणून जाण्याआधीच चिनी जाणणाऱ्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, कोळंबी, खिमा, हाडांचं सूप, डुकराची चरबी नको; अंडं चालतं की नाही तेही. तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तोंडी सांगायचं तर 'वो छ्र सू', म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. उच्चार चुकतोच, चिठ्ठी चुकत नाही.

बौद्ध मंदिरांजवळ 'सूश्र'ची, म्हणजे शाकाहारी, उपाहारगृहं शोधा. तिथे पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन सहकाऱ्यालाही नेता येतं; मात्र बटाट्यासारखी कंदमुळं तिथे चालतात, ती नको असतील तर वेगळं सांगा. फक्त हुबेहूब मटणासारखं काही समोर आलं तर दचकू नका, ते सहसा सोयाबीनचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं (गव्हातल्या चिकट प्रथिनाचं) असतं.

आणि हो, जेवताना गार पाण्याऐवजी गरम पाणी किंवा चहा येईल. तिथली ती रीतच आहे.