ओठावरची चामखीळ काढताना या चुका टाळा

ओठावरची किंवा तोंडातली चामखीळ सहसा दुखत नाही, म्हणून आधी घरचे प्रयोग होतात. कुणी चुना-सोडा लावतं, कुणी दोरा बांधतं, कुणी केमिस्टकडून पायाच्या चामखिळीचं औषध आणतं. त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड टाचेच्या जाड कातडीसाठी असतं. तोंडातलं नाजूक अस्तर त्याने भाजतं, तिथे जखम होते आणि मूळ गाठ कशी होती हेच मग डॉक्टरांना कळेनासं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काढलेला तुकडा तपासायला न पाठवणं. या चामखिळी एचपीव्ही विषाणूमुळे येतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण तंबाखू, गुटखा, मिश्री घेणाऱ्याच्या तोंडात अगदी तशीच, फुलकोबीसारखी दिसणारी गाठ कॅन्सरचीही असू शकते. नुसत्या नजरेने फरक सांगता येत नाही. लेझरने किंवा कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या उपकरणाने) गाठ पूर्ण जाळली तर तपासायला काही उरतच नाही. आधी तुकडा घ्या असं स्पष्ट सांगा. तो १० टक्के फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात), तुकड्याच्या किमान दहापट द्रवात बुडलेला हवा. साध्या पाण्यात ठेवला तर पेशी खराब होतात. बाटली तुमच्याच हाती देऊन लॅबला पाठवलं, तर तिच्यावर नाव, तारीख आणि तोंडातली नेमकी जागा लिहिली आहे का, ते निघण्याआधी बघा. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे तोंडाच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे.

वरचा शेंडा छाटून बूड तसंच ठेवलं की चामखीळ परत येते. बुडासकट, भोवतीचं १-२ मिलिमीटर अस्तर घेऊन काढावी लागते. खालच्या स्नायूत खोल जायची गरज सहसा नसते.

ओठाचा लाल भाग आणि कातडी जिथे मिळतात, त्या रेघेचं काम सर्वांत नाजूक. भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ सुजतो, पांढरा पडतो आणि रेघ दिसेनाशी होते. म्हणून खूण इंजेक्शनच्या आधी करायची. कातडीचा पहिला टाका नेमका त्या रेघेवर हवा. १ मिलिमीटर जरी सरकली तरी समोर बसलेल्याला दिसते. स्नायू वेगळा न शिवता नुसती कातडी ओढून घेतली तर ओठावर कायमची खाच राहते.

खालच्या ओठाचा साधारण एक तृतीयांश भाग गेला तरी कडा सरळ जोडता येतात. त्याहून जास्त गेला तर शेजारचा किंवा समोरच्या ओठाचा भाग फिरवून आणावा लागतो. गाठीबद्दल शंका असेल तर रिपोर्ट येईपर्यंत हे करू नये. कॅन्सर निघाला तर पुन्हा जास्त रुंद कापावं लागतं आणि आणलेला भाग वाया जातो. समोरच्या ओठाचा भाग वापरला तर २ ते ३ आठवडे दोन्ही ओठ मांसाच्या एका पट्टीने जोडलेले राहतात आणि खाणं पातळच. विरार-कर्जतहून रोज ये-जा करणाऱ्यांनी रजा आधीच टाकावी. काही पद्धतींत तोंड लहान होतं. कवळी वापरत असाल तर हे आधी सांगा, नाहीतर नंतर ती आत जात नाही.

घरी गेल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नका, ओठ चावला जातो. गरम चहा आणि वडापावासारखा मोठा घास काही दिवस बंद, तंबाखू तर पूर्णच. रक्त आलं तर स्वच्छ गॉज १०-१५ मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. कातडीचे टाके ५ ते ७ दिवसांत काढतात. जास्त ठेवले तर त्यांचेच व्रण उरतात. आणलेला भाग निळा-काळा किंवा पांढराफटक दिसला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.

चामखिळी एकदम बऱ्याच आल्या किंवा काढूनही परत येत राहिल्या, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. प्रतिकारशक्ती कमी असेल तर नुसतं कापत राहून त्या थांबत नाहीत. एचपीव्हीची लसही आधीच आलेली चामखीळ घालवत नाही.