डंपस्टर मागवताय? आधी दाराची जागा मोजा

बेसमेंट रिकामं करायचंय, डंपस्टर मागवतोय, काय तयारी करू असं गेल्या दोन महिन्यांत तिघा जणांनी विचारलं म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि आतापर्यंत दोनदा रोल-ऑफ डंपस्टर आणलाय, म्हणजे ट्रकवरून सरकवून दारात ठेवतात तो, वरून उघडा, कचरा भरायचा मोठा लोखंडी कंटेनर, भाड्याने मिळतो. पहिला २०२१ मध्ये, १ सप्टेंबरच्या रात्री इडा वादळाचा पाऊस झाला आणि बेसमेंटमध्ये गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा, गणपती नऊ दिवसांवर आलेले आणि मखराचा खोका खाली पाण्यात तरंगत होता. दुसरा किचनचं काम काढलं तेव्हा. पहिल्या वेळी घाईत जे जे चुकलं ते दुसऱ्या वेळी आधी करून ठेवलं, आणि फरक इतका पडला की चार दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं.

सगळ्यात पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा, ती म्हणजे दार. रोल-ऑफची मागची अख्खी बाजू म्हणजे एक मोठं लोखंडी दार असतं, साताठ फूट रुंद, एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला कडी, ते उघडलं की हातगाडी घेऊन सरळ आत चालत जाता येतं. ही सोय नसेल तर प्रत्येक वस्तू खांद्याच्या उंचीवर उचलून भिंतीवरून आत टाकावी लागते. आता ट्रक ड्राइव्हवेत रिव्हर्सने येतो, कंटेनर मागून खाली सरकतो, म्हणजे दाराची बाजू गॅरेजकडे येते आणि ट्रकचा हूक किंवा केबल लागते ती बाजू रस्त्याकडे राहते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ड्रायव्हर आला तेव्हा मी वर फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी बोलत होते, खिडकीतून हात केला, त्याने कंटेनर गॅरेजपासून जेमतेम तीन फुटांवर ठेवला आणि गेला. खाली येऊन दार ओढलं तर ते गॅरेजच्या चौकटीला जाऊन टेकलं, फट एवढीच की माझा सात वर्षांचा मुलगा तिरका होऊन आत गेला असता. परत फोन केला तर दोन दिवस ट्रक नाही आणि आला तरी वेगळी ट्रिप फी पडणार म्हणाले. मग चिखलाने भरलेलं ओलं कार्पेट आम्ही दोघांनी आणि शेजारच्या एका भल्या माणसाने साडेचार फुटी भिंतीवरून वर चढवून टाकलं, तीन दिवस हात वर होत नव्हते.

म्हणून टेप घेऊन बाहेर जा आणि गॅरेजपासून किमान आठ-नऊ फूट मोजून तिथे खडूने आडवी रेघ मारा, ड्रायव्हरला सांगा की कंटेनरची दाराची बाजू या रेघेच्या पुढे गॅरेजकडे यायला नको. शिवाय दार नुसतं उघडून भागत नाही, ते पूर्ण फिरवून कंटेनरच्या बाजूच्या भिंतीला चिकटवायचं आणि तिथल्या साखळीने अडकवायचं असतं, नाहीतर वारा आला की धाडकन परत येतं आणि मध्ये माणूस असेल तर हाड मोडेल. म्हणजे बिजागरीच्या बाजूलाही फिरायला मोकळी जागा हवी. बुक करतानाच विचारा बिजागऱ्या कुठल्या बाजूला येतात, आणि त्या बाजूला कुंपण, एसीचं युनिट किंवा झुडपं असतील तर कंटेनर थोडा विरुद्ध बाजूला सरकवून ठेवायला सांगा. कडीची मूठ पण आधीच बघून घ्या, आमच्या दुसऱ्या डंपस्टरला लांब दांडा होता, तो वर उचलून बाहेर ओढायचा, गंजलेला असल्यामुळे पहिल्यांदा हातोडीने ठोकावा लागला.

ट्रकसाठीची जागा हा वेगळा हिशोब. त्याला सरळ रेषेत साधारण ६० फूट लागतात आणि कंटेनर उतरवताना ट्रकची पाठ तिरकी वर होते तेव्हा डोक्यावर २३ ते २५ फूट मोकळं हवं, म्हणजे विजेच्या तारा, मेपलच्या फांद्या, पोरांचा बास्केटबॉल हूप सगळं मान वर करून बघायचं, खालून चालताना ते कधी लक्षात येत नाही. ड्राइव्हवेत जागा नसेल आणि रस्त्यावर ठेवायचा असेल तर टाउनशिपचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट बहुतेक ठिकाणी लागतं, त्याला दिवस लागतात, तेव्हा दोन आठवडे आधी फोन करा. टाउनहाउसवाल्यांनी असोसिएशनला (आपल्याकडच्या सोसायटीसारखी) ईमेल करून लेखी उत्तर हातात ठेवा, तोंडी "हो चालेल" वर जाऊ नका.

साइज ठरवताना लोक नुसती जागा बघतात, वजन विसरतात. १०, १५, २०, ३०, ४० यार्ड अशा साइज मिळतात, हा यार्ड म्हणजे घनयार्ड. पिकअप ट्रकच्या तीन खेपा म्हणजे ढोबळमानाने १० यार्ड, एका घराचं बेसमेंट किंवा किचन २० यार्डात बसतं. २० यार्डची लांबी २२ फुटांच्या आसपास आणि उंची साडेचार फूट, तर ३० यार्डची लांबी तेवढीच पण उंची सहा फूट, म्हणजे तिथे दाराशिवाय गत्यंतरच नाही. प्रत्येक साइजला ठरावीक टन भाड्यात धरलेले असतात आणि त्याच्या वर गेलं की दर टनामागे जादा पैसे. इथला टन म्हणजे २,००० पौंड, आपल्या हिशोबाने ९०७ किलो. ड्रायवॉलची, म्हणजे इथल्या भिंतींना लावतात त्या जिप्समच्या बोर्डाची, चार बाय आठ फुटांची अर्धा इंची शीट कोरडी असताना सुमारे ५० पौंडांची असते, भिजली की विचारूच नका, आमचं बिल तिथेच वाढलं होतं. काँक्रीट तर एका घनयार्डाला ४,००० पौंडांच्या घरात जातं, म्हणजे पॅटिओ फोडणार असाल तर भलामोठा डंपस्टर घेऊन उपयोग नाही, तो अर्धा भरायच्या आतच वजन संपतं, त्यासाठी लहान आणि फक्त काँक्रीटचाच वेगळा सांगा. फोनवर एवढं विचाराच: किती दिवस, किती टन, जादा टनाचा दर काय, जादा दिवसाचा काय, गादीचे वेगळे पैसे आहेत का, ट्रक येऊन काम न होता रिकामा परत गेला तर काय. उत्तरं मेसेजवर मागून घ्या.

आता काय टाकायचं नाही ते आधी वेगळं काढा, कारण एकदा तळाशी गेलं की परत काढता येत नाही. फ्रीज, खिडकीचा एसी, आणि हो, बेसमेंटमधला डीह्युमिडिफायर पण, यातला गॅस रीतसर काढून घेतल्याशिवाय ते फेकायला कायद्याने बंदी आहे. टीव्ही, मॉनिटर, कॉम्प्युटर, लॅपटॉप न्यू जर्सीत २०११ पासून कचऱ्यात टाकता येत नाहीत, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) ई-वेस्टच्या जागी न्यावे लागतात. टायर कुठे घेतात ते काउंटीला विचारा. गाडीची बॅटरी, ग्रिलचं प्रोपेन सिलिंडर, ट्यूबलाइटा, तणनाशकं, ऑइल पेंट हे काउंटीच्या घातक कचरा जमा करायच्या दिवशी, ती तारीख आत्ताच बघा कारण हे दिवस रोज नसतात. वॉटर बेस्ड रंगाचा उरलेला डबा असेल तर झाकण काढून मांजराची लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती ओल शोषणारी माती) मिसळा आणि पार दगड होईपर्यंत वाळवा, मग कंपनी घेते का विचारा. लिथियम बॅटरीकडे खास लक्ष द्या, जुनी खेळणी, ड्रिल, पॉवर बँक, त्या दबल्या की ट्रकमध्ये आग लागते. आणि घर जुनं असेल, फरशीच्या खाली नऊ इंची चौकोनी टाइल्स निघाल्या किंवा पाइपांना पांढरं जाड आवरण दिसलं तर हात लावू नका, आधी ॲस्बेस्टॉसची टेस्ट करून घ्या, त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. १९७८ च्या आधीच्या घरात जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो खरवडून धूळ करायची नाही, घरात लहान पोरं असतील तर अजिबातच नाही.

पुराचा कचरा असेल तर फेकायच्या आधी फोटो, हे मी हात जोडून सांगते. पाणी कुठपर्यंत चढलं ती भिंतीवरची रेघ, प्रत्येक वस्तू, मशीनचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर, आणि कार्पेट-फरशीचा छोटा तुकडा कापून पिशवीत ठेवा, इन्शुरन्स क्लेमच्या माणसाला तो दाखवावा लागतो. पण फोटोंच्या नादात दिवस घालवू नका, २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते, तेव्हा एक जण फोटो काढेल आणि दुसरा मागोमाग उचलेल अशी जोडी लावा.

पूर नसेल, नुसती अडगळ असेल, तर डंपस्टर यायच्या आधीचा आठवडा वाटण्यासाठी राखून ठेवा. माझी आई सांगलीहून आली होती दुसऱ्या वेळी, तिला हे बघवेना. तिकडे भंगारवाला दारात येतो, ताजव्यात तोलतो आणि वर पैसे देतो, इथे आपणच पैसे देऊन चांगलं कपाट जमिनीत पुरायला पाठवायचं, हे तिला पटतच नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही. तिने एकेक वस्तू हातात घेऊन बाजूला काढली. किचनची कॅबिनेटं सुस्थितीत होती, स्क्रू काढून नीट उतरवली आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या रीस्टोरला, म्हणजे दान आलेलं सामान विकणाऱ्या दुकानाला, दिली. डेस्क, दोन खुर्च्या, प्रेशर कुकर आणि पोळपाट-लाटणं रटगर्स विद्यापीठात नव्याने आलेल्या दोन मुली घेऊन गेल्या, त्यांच्या अपार्टमेंटमध्ये जमिनीवर बसून अभ्यास चालला होता. ऑगस्टमध्ये काम काढणार असाल तर हे जरूर करा, तेव्हाच मुलं येतात. तांब्या-पितळेचं, ॲल्युमिनियमचं स्क्रॅप यार्डात इथेही विकत घेतात. आणि बॅगा उघडून बघा, प्रत्येक बॅग, आम्हाला एअर इंडियाचा टॅग लागलेल्या जुन्या सुटकेसच्या अस्तरात सासऱ्यांची पत्रं सापडली, निळी आंतर्देशीय, ती बॅग मी तशीच कंटेनरात टाकणार होते.

आदल्या रात्री गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढून रस्त्यावर लावा, नाहीतर आठवडाभर आत अडकतील. ड्राइव्हवेवर फळ्या टाका, कंटेनरच्या खाली लोखंडी रोलर असतात, ते डांबर खरवडतात आणि उन्हाळ्यात डांबर मऊ झालं की रुततात, जाड प्लायवूड किंवा दोन बाय दहा इंची फळ्या रोलर टेकतील तिथे बरोब्बर ठेवायच्या, आणि ड्राइव्हवेचे आधीचे फोटो काढून ठेवायचे. ग्लोव्हज, जाड तळव्याचे बूट, एन-९५ मास्क, हातगाडी, आणि एक रुंद फळी, कारण कंटेनरची जमीन रस्त्यापासून वीतभर उंच असते, तिथे हातगाडीचं चाक अडतं.

भरताना दारातून आत जाऊन अगदी पुढच्या टोकापासून सुरुवात करा. जड आणि सपाट ते खाली आणि सगळीकडे सारखं, एका बाजूला ढीग नको. सोफ्याचे पाय काढा, कपाटं खोलून आडवी घाला, पोकळ वस्तूंच्या आत बारीकसारीक भरा, लाकडातले खिळे ठोकून वाकवा. निम्मं भरलं की दाराकडे मागे सरकत या, आणि दारापाशी पोचलात की ते बंद करून कडी पक्की लावून मग उरलेलं वरून टाका. भरलेल्या कंटेनरचं दार परत उघडायची वेळ आली तर समोर उभं राहू नका, बाजूला राहूनच दांडा सोडा, आतलं सामान दाराला रेललेलं असतं. रोज संध्याकाळी दार बंद आणि वर ताडपत्री, पावसाचं पाणी कार्पेट पितं आणि त्या वजनाचे पैसे तुम्ही भरता. शिवाय उघडा राहिला तर रात्रीत दुसऱ्या कुणाची तरी गादी येऊन पडते, आमच्याकडे आली होती. लहान मुलांना आत खेळायला जाऊ द्यायचं नाही, कितीही रडली तरी.

काठाच्या वर काही नको, खुर्चीचा एक पाय सुद्धा नको. वर आलेलं असेल तर ड्रायव्हर उचलत नाही, आणि त्याची चूक नसते, रस्त्यावर काही उडालं तर जबाबदारी त्याचीच. न्यायला या असा फोन आपणच करायचा असतो का ते आधी विचारून ठेवा, काही ठिकाणी मुदत संपली तरी ते आपण होऊन येत नाहीत आणि दिवसाचे पैसे चालू राहतात. सकाळी लवकर येतात, तेव्हा समोरची जागा आदल्या रात्रीच मोकळी करा, आणि वजनाची पावती ईमेलवर मागून घ्या, बिलातले टन तिच्याशी ताडून बघता येतात.

ट्रक गेल्यावर लगेच गाडी आत घेऊ नका. चाकं लावलेलं, ढकलत फिरवायचं मॅग्नेट मिळतं, ते ड्राइव्हवेवर आणि कडेच्या गवतात दोनदा फिरवा. मी किचनच्या वेळी फिरवलं तेव्हा अकरा खिळे आणि मूठभर कार्पेटचे स्टेपल निघाले, त्यातले तीन खिळे मुलगा सायकल फिरवतो त्याच वळणावर होते.