पोर्तुगालची वाइन: काय घ्यायची, कशी प्यायची, नवख्यांसाठी

गोव्याहून परत येताना बॅगेत जी गोडमिट्ट पोर्ट वाइन येते ना, ती पिऊन 'पोर्तुगीज वाइन म्हणजे गोडच' असं ठरवून टाकलेले बरेच जण भेटतात. ती बाटली गोव्यातच बनलेली असते हो, पोर्तुगालशी तिचं नातं नावापुरतं. तिकडे रोज जेवणाबरोबर जी पितात ती बहुतेक अजिबात गोड नसते, आणि सुपरमार्केटात ४-५ युरोत मजेत पिता येईल अशी बाटली मिळते. लिस्बन-पोर्तो फिरायला जाणारे किंवा युरोपात राहणारे आपले लोक आता पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पायरी १: द्राक्ष सोडा, भाग बघा

पोर्तुगालच्या स्वतःच्या अशा द्राक्षाच्या जाती अडीचशेच्या वर आहेत, त्या पाठ करायच्या नादाला लागू नका. उत्तरेकडच्या दोउरो भागात ज्याला तिंता रोरिझ म्हणतात तेच द्राक्ष खाली अलेंतेजोत आरागोनेझ होतं आणि बॉर्डरपलीकडे स्पेनमध्ये तेम्प्रानियो. त्यात बऱ्याच वाइन अनेक जाती मिसळून केलेल्या, दोउरोच्या जुन्या मळ्यांत तर वेगवेगळ्या वेली एकाच तुकड्यात लावलेल्या असतात आणि सगळी द्राक्षं एकत्रच तोडतात, कुठली किती ते कधीकधी मालकालाही धड सांगता येत नाही.

त्यापेक्षा सुरुवातीला तीन भाग लक्षात ठेवा. वायव्येला मिन्यो, भरपूर पाऊस, सगळं हिरवंगार, तिथली व्हिन्यो व्हेर्दे म्हणजे हलकी, आंबटसर, कधी जिभेवर किंचित बुडबुडे येणारी व्हाइट. तिथून आत पूर्वेला गेलं की दोउरो नदीचं खोरं, डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांचे मळे, थरांचा कठीण दगड आणि उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन, त्यामुळे रेड गडद आणि दमदार. दक्षिणेला अलेंतेजो, सपाट, गरम, बाटलीची बुचं ज्यांच्या सालीची करतात त्या झाडांचा मुलुख, तिथली रेड मऊ आणि पिकल्या फळाच्या चवीची, नवख्याला लगेच आवडणारी. इथे काही जण अजून मातीच्या मोठ्या रांजणात वाइन करतात, आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, नव्या वाइनचे रांजण उघडायची पद्धत आहे. तेव्हा तिकडे असाल तर अलेंतेजो चुकवू नका.

दाँउ आणि बाइरादा हे दोन भाग नंतरसाठी ठेवा. बाइरादाच्या बागा द्राक्षाची (बीच नव्हे!) तरुण रेड प्यायली की जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी होते. काहींना तेच आवडतं.

पायरी २: लेबलवर एवढंच वाचा

तिंतो म्हणजे रेड, ब्रांको म्हणजे व्हाइट, किंता म्हणजे मळा. डीओसी लिहिलेलं असलं की त्या भागाचे ठरवलेले नियम पाळलेत, पण म्हणून ती चांगलीच असेल असं काही नाही.

खरी माहिती अल्कोहोलच्या आकड्यात असते. १० किंवा ११ टक्के दिसलं तर हलकी, १४ दिसलं तर जड, १९-२० असेल तर पोर्ट किंवा मदेरा, या दोन कडक वाइनबद्दल पुढे येतंच. दुकानात उभं राहून गोंधळलात तर हा आकडा बघा आणि पुढे चला. व्हिन्यो व्हेर्दे घेताना सालही बघा, साधी असेल तर जितकी ताजी तितकी बरी.

पायरी ३: थंड करा, रेडसुद्धा

रेड 'रूम टेंपरेचरला' प्या म्हणतात ते तिकडच्या खोलीचं टेंपरेचर, आपल्या मे महिन्यातल्या पुण्या-नागपूरच्या खोलीचं नाही. १६ ते १८ अंश हवं, म्हणजे आपल्याकडे प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम रेडमध्ये फक्त अल्कोहोल नाकात जातं, बाकी काही कळत नाही. व्हिन्यो व्हेर्दे ८-१० अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढली की थोड्याच वेळात.

मग ग्लास तिसरा हिस्साच भरा, हलवा, वास घ्या, एक घोट तोंडात फिरवा आणि फक्त तीन गोष्टी बघा: तोंडाला पाणी सुटतं का (आंबटपणा), हिरड्या आवळतात का (तुरटपणा), गिळल्यावर चव किती वेळ राहते. चेरी, तंबाखू, ओल्या मातीचा वास वगैरे नाही सापडला तरी काही बिघडत नाही.

पायरी ४: जेवणाबरोबर

पोर्तुगीज लोक भाजलेल्या सार्डिनबरोबर व्हिन्यो व्हेर्दे पितात, आपल्याकडे बांगडा फ्राय किंवा तिसऱ्या असतील तर तीच घ्या, तेल आणि मसाला ती छान कापते. तांबड्या रश्शाबरोबर दोउरोची जड रेड मात्र नको, तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात आणि दोन्हीची मजा जाते. गोव्याच्या विंदालूचं मूळही पोर्तुगालचंच, तिकडे मांस वाइन आणि लसणात मुरवायचे, इथे वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा व्हिनेगर आला. त्याच्याबरोबर अलेंतेजोची मऊ रेड, किंचित जास्तच थंड करून.

पायरी ५: आता पोर्ट

दोउरोच्या या भागाची हद्द १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्किस द पोंबाल याने आखून दिली, पोर्टसाठीची द्राक्षं आजही त्या खोऱ्यातलीच लागतात. रस आंबायला लागतो, साखरेची दारू होत जाते, आणि ती अर्ध्यावर असतानाच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. आंबवणारं यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोडही आणि कडकही. पूर्वी पिंपं होड्यांतून नदीने खाली विला नोव्हा द गाइयाला यायची, पोर्तोच्या समोरच्या काठाला, आणि १९८६ पर्यंत पोर्ट बाहेर पाठवायची तर तिथूनच पाठवावी लागे. त्या वखारी आजही बघता येतात, चाखवतातही.

तिथे गेलात की रुबी आणि टॉनी शेजारी शेजारी मागा. रुबी मोठ्या टाक्यांत, हवा फारशी लागू न देता ठेवलेली, त्यामुळे रंग लाल आणि चव ताज्या फळाची. टॉनी छोट्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं, लाकडातून हवा लागत लागत रंग विटकरी होतो आणि चव अक्रोड-खजुराकडे जाते. पहिली बाटली घ्यायची तर १० वर्षांची टॉनी घ्या, माझं स्पष्ट मत. २० वर्षांची अजून छान असते पण किंमतही तशीच. आणि 'कुल्येइता' या शब्दाने फसू नका, साध्या वाइनवर तो नुसतं पिकाचं साल सांगतो, पोर्टवर असला तर एकाच वर्षाची, लाकडात किमान ७ वर्षं मुरलेली टॉनी. व्हिंटेज पोर्टच्या भानगडीत सध्या पडू नका, ती बाटलीत दशकानुदशकं ठेवायची, खाली गाळ बसतो आणि उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते.

टॉनी थोडी थंड करून, ६० मिलीचा पेग, बरोबर अंजीर बर्फी. करून बघाच.

पायरी ६: उरलेली आणि आणायची

उघडलेली व्हाइट-रेड बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, टॉनी महिनाभर सहज, आणि मदेरा कित्येक महिने. मदेरा ही त्याच नावाच्या बेटावरची, मुद्दाम गरम ठिकाणी ठेवून मुरवलेली. जहाजांतून भारतापर्यंत उष्ण समुद्रातनं जाऊन परत आलेली पिंपं जास्त चांगली लागायची, मग लोक ती मुद्दाम फिरवून आणायला लागले. एवढं सोसलेल्या वाइनला हवेने आणखी काय होणार!

भारतात येताना माणशी २ लिटर दारू ड्यूटी फ्री, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. एक टॉनी, एक मदेरा आणा. व्हिन्यो व्हेर्दे तिकडेच पिऊन या.